जे हलत नाही ते

त्या दिवशी सकाळपासून ताईचा एका जागी पाय ठरत नव्हता. खुर्चीत बसली की उठावंसं वाटे, आणि उठली की आपण कशाला उठलो तेच आठवत नसे. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा खिडकीत ठेवून विसरली. उद्या अकरा वाजता मोठ्या रुग्णालयाची पाच माणसं यंत्र बघायला येणार होती. आवडलं तर ते यंत्र रोजच्या तपासण्यांसाठी लागणार होतं. त्यात आज दीड वाजता तिच्या भावजयीचं ऑपरेशन. ‘काळजीचं काही नाही, दुर्बीण घालून नुसतं बघणार आहेत,’ असं आई सकाळी फोनवर म्हणाली होती. दुसऱ्याच्या पोटात दुर्बीण जाणार असली की आईला कधीच काळजी वाटत नसे.

ताईला घरात धाकटा भाऊ ताई म्हणायचा ते ठीकच, पण प्रयोगशाळेतही सगळे तिला ताईच म्हणायचे. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले प्रमुखसुद्धा. तिने कधी तक्रार केली नाही. ताई म्हटलं की लोक जरा कमी भांडतात, हा तिचा अनुभव होता.

यंत्र दिसायला काही खास नव्हतं. एक जड टेबल, त्यावर मूठभर आरसे, दोन-तीन भिंगं आणि एक कॅमेरा. लेझरचा किरण मध्येच दुभागायचा. एक वाट नमुन्याच्या थेंबातून जायची, दुसरी मोकळीच यायची, आणि दोघी कॅमेऱ्यावर भेटल्या की बारीक पट्टे उमटायचे. त्या पट्ट्यांवरून कॉम्प्युटर थेंबाच्या आतलं चित्र खोलीसकट उभं करायचा. शुक्राणूंसारख्या पेशी काचेइतक्या पारदर्शक असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या धड दिसत नाहीत आणि रंग घातला तर मरतात. इथे रंग लागत नव्हता. पेशी आपल्या पोहत राहायच्या आणि होलोग्राम, म्हणजे ते पट्ट्यांचं चित्र, त्यांना पकडायचा.

पण लेझर हे महाखोडसाळ प्रकरण आहे. भिंगावर धुळीचा एक कण बसला की त्याच्याभोवती कड्यांवर कड्या उमटणार. काच जरा खरबरीत असली की चित्रभर दाणेच दाणे, रव्याचा डबा सांडल्यासारखे. या दाण्यांनी ताईची दोन वर्षं खाल्ली होती. तिने किरणाच्या वाटेत फिरती दुधी काच बसवली, शंभर-शंभर चित्रांची सरासरी काढली, एसी बंद करून घामाघूम होऊन काम केलं. टेबलाशेजारून कुणी चाललं तरी चित्र थरथरायचं, म्हणून प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हळू, हळू’ करायचे. त्यावरून त्यांचं नावच हळूकाका पडलं होतं. एकदा त्यांनी खुद्द प्रमुखांना बूट काढायला लावले होते, आणि प्रमुखांच्या मोज्याला भोक निघालं म्हणून ती गोष्ट पाचही मजले फिरली.

पूर्वीची रीत अशी होती, की रोज सकाळी आधी रिकाम्या काचेचं चित्र घ्यायचं आणि मग दिवसभराच्या चित्रांतून ते वजा करायचं. म्हणजे यंत्राची आपली घाण निघून जाते आणि थेंबातलं तेवढं उरतं. पण काच बदलली की घाणही बदलते. दुपारपर्यंत सकाळचं रिकामं चित्र शिळं व्हायचं आणि दाणे परत यायचे. मग साताठ महिन्यांपूर्वी ताईला युक्ती सुचली. रिकामं चित्र हवंच कशाला? एका थेंबाची सहाशे चित्रं तर आपण घेतोच. त्या सहाशेंत जे जागचं हलत नाही, ते धूळ, दाणे, ओरखडे. तेवढं वजा केलं की झालं. शुक्राणू पोहतात, धूळ पोहत नाही. तिने प्रोग्रॅममध्ये सात ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर काळ्याभोर पार्श्वभूमीवर लखलखीत शेपट्या सळसळत निघाल्या. प्रमुखांनी मांडीवर थाप मारली आणि हळूकाका त्यांनाही ‘हळू’ म्हणाले.

फक्त हळूकाकांनी जुनी रीत सोडली नाही. रोज सकाळी ते रिकाम्या काचेचं चित्र घ्यायचे आणि तारीख टाकून ठेवायचे. ‘आता कशाला, काका?’ म्हटलं तर म्हणायचे, ‘दात घासल्यासारखं आहे हो. नाही केलं तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.’

त्याच दिवसांत एका संध्याकाळी धाकटा प्रयोगशाळेत आला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या सांगितल्या होत्या. बायकोने आपल्या सगळ्या निमूट करून घेतल्या आणि हा मात्र आज करतो, उद्या करतो असं करत राहिला. नाक्यावरच्या लॅबमध्ये जाऊन ती बाटली काउंटरवर ठेवायची, तेही ओळखीच्या माणसासमोर, या कल्पनेनेच त्याला धडकी भरायची.

“ताई, तुझं ते यंत्र याचसाठी आहे ना? तूच बघ की. घरच्या घरी होऊन जाईल.”

“अरे, हे अजून प्रयोगाचं आहे. डॉक्टरला चालायचं नाही.”

“मला चालेल. बघ तर.”

तिने बघितलं. खरं सांगायचं तर तिला बघायचंच होतं. यंत्र नवंनवं चाललं होतं आणि कुणाला दाखवू नि कुणाला नको असं झालं होतं. चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. दिसलेल्यांपैकी हलणारे शंभरात चौऱ्याण्णव. संख्या जरा कमी वाटली, पण थेंब आपण पातळ केला असेल असं ती धरून चालली. ‘अरे, घोडदौड आहे ही!’ असं म्हणून तिने एक कागद छापून दिला, चित्रासकट. ‘दवाखान्यात दाखवायचा नाही हं,’ असं तोंडाने म्हणाली, पण कागदावर तसं लिहिलं नाही.

कागद अर्थातच दवाखान्यात गेला. संस्थेचं नाव वर ठसठशीत होतं, त्यामुळे तिथल्या सहायकाने तो फाईलला टाचून टाकला आणि पुन्हा कुणी काही विचारलं नाही. त्याची एक प्रत आईने कपाटात ठेवली. त्यानंतर घरात बोलणं आलं की आईचं एकच वाक्य असे, ‘आमच्या मुलाचं सगळं उत्तम आहे, कागद आहे.’ भावजय शाळेत गणित शिकवायची आणि घरीदारी तिला मास्तरीण म्हणत. भल्याभल्यांना फळ्यापाशी उभी करणारी ही बाई त्या वाक्यापुढे मात्र ताटातलं चिवडत बसायची. मग तिच्या गोळ्या सुरू झाल्या, मग इंजेक्शनं, आणि आता हे ऑपरेशन.

तर, त्या सकाळी एकच काम उरलं होतं. रुग्णालयाच्या लोकांनी लिहून कळवलं होतं, की मेलेल्या पेशींचा एक नमुनाही लावून दाखवा, म्हणजे यंत्र ‘हलणारे शून्य’ असं बरोबर सांगतं की नाही ते कळेल. मागणी रास्त होती. ती आपल्याला आधी कशी सुचली नाही याचं ताईला जरा ओशाळं वाटलं, पण दोन वर्षं ती जिवंत पेशींच्याच मागे धावत होती. पशुवैद्यकीय केंद्रातून वळूचा नमुना आला होता. हळूकाकांनी नळी गरम पाण्यात धरली आणि घड्याळ लावून वीस मिनिटं उभे राहिले.

थेंब काचेवर गेला. सहाशे चित्रं झाली. ताईने बटण दाबलं.

पडदा काळा झाला. एक ठिपका नाही, दाणा नाही, कडी नाही. इतकं स्वच्छ चित्र तिने आजवर पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला चक्क आनंद झाला.

हळूकाका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

“मग मेलेले कुठे गेले?”

“अं?”

“मी माझ्या हाताने मारलेत, ताई. नळीत लाखोंनी होते. हलणारे शून्य, ते समजलं. पण मढी तरी दिसायला हवीत की नको? इथे तर कुणी नव्हतंच असं दिसतंय.”

काचेच्या तळाला चिकटून बसलेले ते लाखभर जीव सहाशेच्या सहाशे चित्रांत एकाच जागी होते. आणि एका जागी असतं ते काय असतं, हे तिनेच सात ओळींत लिहून ठेवलं होतं. प्रोग्रॅमने सांगितलेलं काम चोख केलं होतं. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव हे सगळ्यांतले नव्हते. मेलेल्यांना आधी झाडून काढलं आणि मग उरलेल्यांना विचारलं, तुमच्यात जिवंत किती?

आणि धाकट्याचा थेंब तिने पातळ केलेलाच नव्हता. ते आता तिला लख्ख आठवलं.

“काका, धाकटा आला होता त्या दिवशीचं, चौदा तारखेचं, रिकामं चित्र आहे?”

“रोजचं आहे.”

फाईल उघडताना तिची बोटं भलत्याच कळांवर पडत होती. एकदा चुकीची तारीख उघडली, एकदा बरोबर उघडलेली बंद केली. अखेर तिने आपल्या त्या सात ओळी काढून टाकल्या आणि धाकट्याच्या जुन्या सहाशे चित्रांतून हळूकाकांचं रिकामं चित्र वजा केलं. चित्र काही देखणं आलं नाही, दाणे राहिले, कड्याही राहिल्या. पण त्या खरखरीत शेकडो शुक्राणू दिसत होते, निपचित पडलेले, शेपट्या वाकड्या झालेले. त्यांच्यामधून तुरळक काही पोहत होते. तिने तीनदा मोजलं. शंभरात सहा.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. तिने धाकट्याला फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंदच. मास्तरिणीचा फोन तर दवाखान्यातल्यांनी सामानात ठेवलेला असणार. आईला लावायला बोट गेलं आणि थबकलं. आईला काय सांगणार? दवाखान्याच्या नंबरावर एक गोड आवाज तिला एक दाबा, दोन दाबा करत राहिला. तिने पर्स उचलली.

“उद्याच्या लोकांना काय सांगायचं?” हळूकाकांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” असं म्हणून ती पळत सुटली, आणि त्या दिवशी तिला हळू म्हणायला काका विसरले.

टॅक्सी प्रत्येक सिग्नलला थांबली. ताई सीटच्या टोकावर बसून पुढच्या गाड्यांकडे अशी बघत होती, की ड्रायव्हर म्हणाला, “बाई, ढकलू का?” तिच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. तीन महिन्यांची इंजेक्शनं, एक दिवसाआड. आणि आज भूल.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, शस्त्रक्रिया विभागाच्या बाहेर, धाकटा बाकावर बसला होता. हातात पाण्याची बाटली. समोर पडदा ओढलेली एक खोली होती, तिथे मास्तरिणीला तयार करून झोपवलं होतं.

ताईने त्याला कोपऱ्यात ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आपला कागद खोटा ठरला, यंत्राने काय केलं, खरा आकडा काय. तो ऐकत होता. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

“सहा?”

“सहा. उपाय आहेत रे. पण ते तुझ्यावर. तिच्या पोटात आज शिरायची काही गरज नाही. निदान तुझी नीट तपासणी होईपर्यंत तरी नाही.”

तो बाकावर जाऊन बसला. बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत-मिटत राहिला.

“ताई, ऐक. आता सगळी तयारी झालीय. ती रात्रीपासून उपाशी आहे. पाऊण तासाचं काम, संध्याकाळी घरी. होऊन जाऊ दे. मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जाऊन तपासून येतो, गुपचूप. मग हळूहळू सांगतो.”

“अरे, कशाला होऊन जाऊ दे?”

“आईला काय सांगू? कागद आल्यापासून ती सगळ्यांना सांगत फिरतेय.” त्याने मान वर केली. “आणि तुझं बघ. उद्या तुझे लोक येणार आहेत ना? हे आज बाहेर आलं तर तुझ्या यंत्राचं काय? दोन दिवस थांब. तुझंही भागेल, माझंही.”

ताईला त्याला झापायचं होतं. पण त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. लाज वाटावी इतकं पटलं होतं. उद्याच्या दिवसाचं निभावून न्यायचं, मग त्या सात ओळी गुपचूप दुरुस्त करायच्या, आणि कुणाला काही कळणारही नाही. ती बाकासमोरच्या बोळात येरझाऱ्या घालू लागली. खिडकीपर्यंत जायची, परत यायची. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता होता, तो तिने चारदा वाचला. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तरी पाय पडद्याकडे वळत नव्हते. दहा मिनिटं अशी गेली.

मग आतून मास्तरिणीचा आवाज आला. ती परिचारिकेला विचारत होती, “भूल दिली की माणूस काहीबाही बोलतं म्हणतात, खरं का हो? माझ्या तोंडून सासूबाईंबद्दल काही निघालं तर लिहून ठेवू नका.” परिचारिका हसली. मास्तरीणही हसली, पण तिचं हसणं मध्येच तुटलं.

ताईने पडदा बाजूला केला.

मास्तरीण हिरव्या झग्यात पलंगावर बसली होती. केस टोपीत कोंबलेले. त्या टोपीत ती शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. परिचारिका स्ट्रेचर आणायला बाहेर गेली.

“ताई? तुम्ही? उद्या तुमचं ते मोठं काम आहे ना?”

“मी दिलेला कागद चुकीचा आहे,” ताई म्हणाली. उभ्याउभ्याच म्हणाली, बसली असती तर धीर सुटला असता. “चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी जे हलत नाही ते सगळं पुसत होते. धूळ म्हणून. त्यात मेलेलेही पुसले गेले. मला आज सकाळी कळलं. त्या कागदावर तुझं काहीही ठरवायला नको होतं. चूक माझी आहे.”

मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली. ती आत कुठेतरी बेरीज-वजाबाकी करत होती, ते दिसत होतं.

“किती पुसले?”

“ते मी नाही सांगणार. ते त्याचं आहे.”

“शंभरात सहा उरतात.” धाकटा पडद्यापाशी उभा होता. केव्हा उठून आला ते ताईला कळलं नव्हतं. “सहाच.”

मास्तरिणीने डाव्या दंडावर हात ठेवला. सुयांनी तिथे निळं-पिवळं झालं होतं.

“तुला कधी कळलं?”

“आत्ताच. ताई आली तेव्हा.”

“ताई केव्हा आल्या?”

मास्तरिणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मगाशी बोळात कुणीतरी फेऱ्या मारत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं, कुणाचं तरी माणूस आत असेल, बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलाय.” तिचा आवाज चढला नाही. “तेव्हा तू काय करत होतास?”

“बसलो होतो.”

“आणि फेऱ्या मी मारत होते,” ताई म्हणाली. तिला रडू येत होतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं.

मास्तरिणीने एकदा तिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

“असा कागद आणखी कुणाला दिलाय, ताई?”

“नाही. उद्यानंतर देणार होतो. रोज.”

ताईने तिथेच फोन काढला आणि प्रमुखांना लिहिलं, ‘उद्याचं रद्द करा. यंत्र मेलेले मोजत नाही. सविस्तर येऊन सांगते.’ तिने ते पाठवलं आणि लगेच उत्तरादाखल वाजायला लागलेला फोन पालथा धरला.

बोळातून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज जवळ येत होता. मास्तरिणीने हात पुढे केला.

“ती बाटली दे.”

“अगं, दीड वाजता आत नेणार तुला,” धाकटा बोलून गेला. “पोटात पाणी चालत नाही.”

“म्हणूनच दे.”

त्याने बाटली दिली. ती तोंडाला लावून घटाघटा प्यायली, रात्रीपासून कोरड्या पडलेल्या घशाने, मध्ये श्वासही न घेता. पाणी हनुवटीवरून हिरव्या झग्यावर सांडलं. परिचारिका स्ट्रेचर घेऊन दारात आली आणि जागीच थांबली.

“अहो, काय करताय हे! आता भूल देता येणार नाही तुम्हाला!”

“नका देऊ,” मास्तरीण म्हणाली. तिने तोंड पुसलं, डोक्यावरची टोपी काढली आणि रिकामी बाटली नवऱ्याच्या हातात परत ठेवली.

“आता आईंना फोन कर,” ती त्याला म्हणाली. “इथेच, माझ्यासमोर. आणि आकडा सांग.”

धाकट्याने खिशातून फोन काढला. तो बंद होता. सुरू व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तिघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. मग पलीकडे घंटी वाजली आणि आईचा आवाज आला, “काय रे, नेलं का तिला आत?”

“नाही, आई,” तो म्हणाला. “आता तपासणीला मला जायचंय.”